उजेड धरणाऱ्यांची नावं

सुखदेव तायडे, फोटोग्राफर, राहणार अमरावती, यांच्यावर अन्याय झाला. गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, आमच्या संघटनेच्या वाचनालयात. त्यांच्या एकतीस फोटोंच्या पाठी कायमच्या गेल्या. पत्रक लिहिताना गुन्हेगाराचं नाव आम्ही जरा राखून ठेवतो, वाचणारा आधी तापला पाहिजे म्हणून. इथे तसं करत नाही. अन्याय आम्ही केला. हुकूम माझा होता.

फोटोची पाठ गेली तर असं काय गेलं, हे तुम्ही विचाराल. मीही तेव्हा तेच विचारलं होतं. म्हणून आधी हा माणूस सांगते.

सुखदेवभाऊंचा स्टुडिओ नव्हता. एक जुनी स्कूटर, एक कॅमेरा, आणि खताच्या गोणीच्या कापडाची शिवलेली पिशवी. पिशवीत तीन छोटे फ्लॅश. ते घरोघरी जाऊन फोटो काढायचे, आणि तेही बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. लग्नाचं काम घेत नसत. कुणी काहून म्हणून विचारलं तर सांगायचे, "तिथं सगळे आधीच सजून बसेल असतात. मी काय करू?" स्टुडिओवर तर त्यांचा रागच होता. "स्टुडिओत माणूस पाहुणा असते. खुर्ची त्याची नाई, पडदा त्याचा नाई. मंग चेहरा तरी त्याचा कसा राहीन?"

कॅमेऱ्यावर ते एक डबीएवढा ट्रिगर बसवत. बटण दाबलं की खोलीत वेगवेगळ्या जागी ठेवलेले तिन्ही फ्लॅश, मध्ये तार नसताना, एकाच वेळी पेटत. तिघींना त्यांनी नावं दिली होती: मोठी, मधली, लहानी. बोलायचे असे की तीन बहिणी घरात नांदताहेत. "मधली आज रुसली, सेल बदला लागते तिचे."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी. माझ्या आजीचा फोटो काढायला आईनं बोलावलं होतं. दारात चपला काढल्या, आत आले, भिंतीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आमची भिंत निळी.

"ह्या भितीवर उजेड मारला का बुढी निळी दिसन. एखांदं पांढरं कापड द्या. धुतेल पाह्यजे."

आजीनं पेटीतून आजोबांचं धोतर काढून दिलं. ते त्यांनी खिडकीच्या गजाला आणि दाराच्या कडीला बांधून ताणलं आणि मोठीचं तोंड आजीकडे करण्याऐवजी धोतराकडे केलं. उजेड धोतरावर आदळून, मऊ होऊन आजीवर यायचा. मधलीला स्वयंपाकघरात, दाराआड, पाण्याच्या पिंपावर ठेवलं. तिथून ती आजीच्या केसांच्या कडेला आणि खांद्याला एक बारीक उजळ रेघ द्यायची. त्या रेघेमुळे माणूस भिंतीपासून सुटून पुढे येतो. राहिली लहानी. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे धर. छातीच्या खाली. हालू नको."

"स्टँड नाही का तुमच्याकडे?"

"हाये. पिशवीतच ऱ्हाते ते." मग आजीकडे वळून म्हणाले, "आजी, माह्याकडं नोको पाहू. मी कोण तुहा? नातीकडं पाय."

"हिच्यात काय पाहाचं? दिवसभर मोर्च्यात हिंडते अन् रात्री पत्रकं लिवते. इचा चेहराच इसरली मी."

"मंग आज पाहून घे."

बटण दाबलं. तीन ठिकाणांहून एकदम वीज पडली आणि आजी ओरडली, "व माय वं!" दुसऱ्या वेळी ती स्वतःलाच हसली. तिसऱ्या वेळी हसू ओसरत होतं, ती माझ्याकडे पाहत होती, आणि तो फोटो त्यांनी ठेवला. आमच्या घरात आजी काळी म्हणून ओळखली जायची. आजवरच्या प्रत्येक फोटोत ती लुगडं आणि दात एवढीच दिसायची. या फोटोत तिच्या कपाळावरचं गोंदण दिसलं, डोळ्याखालच्या सुरकुत्या दिसल्या. ती काळीच होती. पण होती.

आठ दिवसांनी ते फ्रेम घेऊन आले. लावायच्या आधी मागचा पुठ्ठा काढला, फोटो उलटा केला आणि काळा मार्कर माझ्यापुढे धरला. पाठीवर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: उजेड धरणार. पुढे जागा मोकळी.

"लिही. पूर्ण नाव. पत्रकाखाली लिवता तसं 'एक कार्यकर्ती' नोको."

हीच त्यांची रीत. लहानी नेहमी घरच्या माणसाच्या हातात. लेक, सून, नवरा, शेजारीण, जो कोणी त्या म्हाताऱ्याचा असेल तो. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहायचं. फोटोत तो दिसत नाही, पण त्याच्या हातातला उजेड म्हाताऱ्याच्या डोळ्यात दोन ठिपके होऊन बसतो. आणि पाठीवर त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहायचं. सुखदेवभाऊ दुसऱ्याचं नाव स्वतः कधीही लिहीत नसत. "मी लिवलं तं ते यादी झाली. त्यानं लिवलं तं तो हजर हाये."

मला ते पत्रकवाली म्हणत. आमच्या संघटनेची त्यांनी पुष्कळ टिंगल केली, आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक किस्सा कायम तयार असायचा. अकोल्यात एका गल्लीत ते फोटो काढत होते. शेजारच्या घरी लग्न. तिथल्या फोटोग्राफरचा ट्रिगरही यांच्याच चॅनलवर, एकाच बिनतारी लहरीवर. तो तिकडे नवरीचा फोटो काढायचा आणि इकडे यांचे तिन्ही फ्लॅश आपोआप पेटायचे. समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं, घरात काही शिरलं. तो उठून खाटेमागे गेला. "तिकडं कोन बटन दाबून राह्यला, पत्ता नाई, अन् इकडं हे भडाभडा पेटून राह्यले! पत्रकवाली, तुमचे पोट्टे असेच. कधी तरी पाय तं खरी, तुमी कोणाच्या चॅनलवर हा." मला राग यायचा. मी म्हणायचे, भाऊ, चळवळीची चेष्टा करू नका. ते म्हणायचे, "चेष्टा नाई व. मीबी मंग चॅनल बदलला, तवाच फोटो निंघाला."

पण एकदा अकोल्यातल्याच एका बापानं त्यांना लेकीचा फोटो काढायला बोलावलं, स्थळाला पाठवायला. फोटो पाहून बाप म्हणाला, जरा गोरी करा. सुखदेवभाऊंनी फ्लॅशचे सेल काढले, पिशवीत भरले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "पोरगी देऊन राह्यले का चुना?" हा किस्सा मात्र ते कधी हसत सांगत नसत. का, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एका बाईचा फोटो होता. गोरी, गुळगुळीत, डोळे कोरलेले. मी विचारलं, कोण?

"कोणी नाई."

मग म्हणाले, "लोक म्हनतात, माही माय."

त्यांची आई भातकुलीकडची, दुसऱ्यांच्या वावरात राबणारी. तिचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. समोरून तोंडावर मारलेला फ्लॅश, मागे सावली, चेहऱ्याच्या जागी काळा डाग. ती वारल्यावर त्याच डागातून कुणी तरी स्टुडिओवाल्यानं हा चेहरा बनवून दिला. "मी तिच्या कुशीत झोपलो तवा अंधार असे. सकाळी उठलो का ते कामावर गेलेली असे. मले तिचा चेहरा नीट आठवत नाई. अन् जो आठवते तो हा नाई. आता ह्याच्याकडं पाहू पाहू तोबी पुसून राह्यला." फोटो का काढत नाही भिंतीवरून, हे विचारायचा धीर मला झाला नाही. मोर्च्यात मी कलेक्टरला प्रश्न विचारते.

आता इंगळेबाबा. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे, डाळमिलीत आयुष्यभर हमाली केलेले. सुखदेवभाऊंनी त्यांचा फोटो काढला तेव्हा लहानी धरायला त्यांची बायको सुभद्राबाई पुढे झाली. भाऊ म्हणाले, तुमचाबी काढतो. ती म्हणाली, "माह्या तोंडाचं काय करता? पुढच्या टाइमले पाहू. आता मी उजेड धरतो." धरला. हात थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. फोटोत बाबांच्या डोळ्यातले ठिपके किंचित लांबट आहेत. थरथरीमुळेच ते, असं भाऊ म्हणायचे. एवढ्याशा क्षणात थरथर उमटते का, मला माहीत नाही. त्यांचा विश्वास होता.

सुभद्राबाई त्या वर्षी वस्तीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जात होती. पाटीवर नाव गिरवलं होतं, कागदावर कधीच नाही. फोटोच्या पाठीवर तिनं मार्करनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं एवढी मोठी की 'सुभद्रा' लिहून होईपर्यंत जागा संपली आणि 'बाई' खालच्या ओळीत गेलं. लिहून झाल्यावर ती फोटोकडे न पाहता पाठीकडेच पाहत बसली. पुढची वेळ आली नाही. ती त्याच हिवाळ्यात गेली.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात प्रदर्शन भरवायचं ठरलं. कल्पना माझी. कष्टकऱ्यांचे चेहरे, भिंतभर. मी सुखदेवभाऊंच्या मागे लागले. आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले, आणि स्वतः घरोघरी फिरून फ्रेमी गोळा केल्या, अमरावतीतून आणि अकोल्यातून. प्रत्येक घराला शब्द दिला, जसा नेतो तसा आणतो. इंगळेबाबा द्यायला तयार नव्हते. भाऊ त्यांच्या ओट्यावर बसून राहिले तेव्हा कुठे त्यांनी खिळ्यावरून फोटो उतरवला.

फ्रेमी माझ्या ताब्यात देताना ते एवढंच म्हणाले, "फ्रेमीतून काढजो नोको. मांगं नावं हायेत."

मी हो म्हटलं. मी ऐकलं होतं. हे लिहून ठेवते, कारण ऐकलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे.

शनिवारी सकाळी भिंतीवर फ्रेमी मांडल्या तर त्या बाजारातल्या दुकानासारख्या दिसत होत्या. कुणाची फ्रेम सोनेरी, कुणाची काच तडकलेली, कुणाला प्लास्टिकचा हार, एकीच्या मागे विजेचं बिल खोचलेलं. मला ते पटेना. समतेची आमची संघटना, आणि भिंतीवर ही अशी वरखाली? मी म्हटलं, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. फोटो काढा, पांढऱ्या फोमच्या बोर्डावर गोंदानं पक्के चिकटवा. पोरांनी चिकटवले. एक वाजेपर्यंत एकतीस फोटो एका रेषेत, एका आकारात. वर मी स्वतः रंगवलेला फलक लावला: 'अनाम कष्टकऱ्यांचे चेहरे'.

भाऊ दीडच्या सुमाराला आले. खांद्याला पिशवी. भिंतीवर उजेड नीट पडावा म्हणून तिघी बहिणी घेऊन आले होते. दारातून भिंत पाहून खूश झाले, हे मी पाहिलं. मग जवळ गेले. एका बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"फ्रेमी कोठी हायेत?"

"आतल्या खोलीत भाऊ, सगळ्या जपून ठेवल्यात."

"अन् पाठी?"

मला कळलंच नाही ते काय विचारताहेत. त्यांनी इंगळेबाबांचा बोर्ड उतरवला, उलटा केला. कोरा पांढरा फोम. कोपऱ्यात नख घातलं. कोपरा उचलला गेला, पण कागद दोन पदरांत फाटला. चेहऱ्याचा पदर वर आला, पाठीचा बोर्डालाच धरून राहिला. त्यांनी नख काढून घेतलं आणि तो कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला.

आमच्यातला एक जण म्हणाला, "भाऊ, फाइली असतील ना तुमच्याकडे? नवीन प्रिंट काढू की."

"चेहऱ्याची फाइल हाये बापा. तिच्या हाताची कोठून आणू?"

मग त्यांनी वर पाहिलं. माझा फलक मोठ्यानं वाचला. शब्द शब्द सुटा करून, नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसासारखा.

"अनाम," ते म्हणाले. "एकतीस झनाइनं आपल्या हातानं नाव लिवलं. तुमी ते भितीकडं तोंड करून चिकटवलं. अन् वरतून लिवलं अनाम."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. पाच वाजता पाहुणे आले, भाषणं झाली, टाळ्या पडल्या. मी फलक उतरवला नाही. पाहुणे यायचे होते, हे माझं कारण. भाऊ तोवर निघून गेले होते. मोठी, मधली आणि लहानी त्यांनी पिशवीतून काढलीच नव्हती.

सोमवारी ते परत आले. चहाची किटली, पाणी, एक पातळ पातं. वाफेवर गोंद सुटतो का पाहत बसले. दोन दिवस. तिसऱ्या फोटोत चेहराच सोलवटायला लागला तेव्हा किटली खाली ठेवली.

अकोल्याला इंगळेबाबांचा फोटो परत द्यायला ते एसटीनं निघाले तेव्हा मी न विचारता बसमध्ये शेजारी जाऊन बसले. बोर्ड त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळून मांडीवर उभा धरला होता. मूर्तिजापूरला त्यांनी पेरू घेतला, फोडला, आणि अर्धा माझ्याकडे न पाहता माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, माझ्यावर रागावलात?"

"हो," ते म्हणाले. "खाय."

इंगळेबाबा ओट्यावरच बसले होते. भाऊंनी कापड सोडलं. बाबांनी चेहरा पाहिलाच नाही. बोर्ड उलटा केला आणि कोऱ्या पांढऱ्या भागावर तळहात ठेवला.

"इथं होतं."

"हो बाबा."

"मले वाचता नाई येत. पण तिचं नाव ओळखू ये मले. खाली दोन अक्षरं पडेल होते." हात फिरवत राहिले. "इथं."

"मी चुकलो बाबा," सुखदेवभाऊ म्हणाले. "मी सबद देल्ता. माही चूक."

मी तिथे होते. माईक समोर असला की माझा आवाज चौकाच्या टोकापर्यंत जातो. त्या ओट्यावर मी तोंड उघडलं नाही. चूक माझी, हे एवढे दोन शब्द. ते मी आज इथे लिहिते आहे, वाचणारा माणूस समोर बसलेला नाही म्हणून.

बाबांनी बोर्ड घेतला, आत गेले आणि खिळ्याखाली भिंतीला टेकवून ठेवला. चेहरा भिंतीकडे. कोरी बाजू घराकडे.

फेब्रुवारीत भाऊंचा फोन आला. "पत्रकवाली, ये. माहा एक फोटो काढून घे. लोकं मेल्यावर आधारचा फोटो मोठा करतात. मले ते नोको." गेले तर खोलीत सगळं मांडून ठेवलेलं. पांढरी चादर ताणलेली, तिच्याकडे तोंड केलेली मोठी. मधली मोरीच्या दाराआड. आईचा तो गोरा फोटो भिंतीवरून उतरवलेला, तिथे एक फिकट चौकोन. भाऊ खाटेच्या कडेवर बसले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. लहानी स्टुलावर ठेवली होती.

"हे कोण धरणार?" मी विचारलं.

ते एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं, बहीण भातकुलीला. मी म्हटलं, "शेजारून कुणाला हाक मारू?"

"ऱ्हाऊ दे. कॅमेरा तुह्या हाती हाये. अजून कोणाले बोलवू?"

मी बटण दाबलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. स्टुलाकडे पाहत होते, स्टुलाच्या जरा वर, जिथे धरणाऱ्याचा चेहरा असता तिथे. फोटोत तसंच आलं आहे. डोळ्यात दोन ठिपके आहेत, स्थिर, गोल.

निघताना त्यांनी लहानीतले सेल काढले आणि ती मला दिली. "सेल आतमंधी ठेवजो नोको. पाझरतात." दारात उभे राहून त्यांनी मला जिना उतरताना पाहिलं. मी खालून वळून पाहिलं तेव्हा ते खोलीत गेले होते आणि ताणलेल्या चादरीच्या गाठी सोडत होते. तेवढंच शेवटचं.

एप्रिलच्या उन्हात गेले. बहिणीनं तोच फोटो लावला. प्रिंट त्यांनी स्वतः काढून ठेवली होती. मी पुठ्ठा काढून पाहिलं. पाठीवर त्यांच्या अक्षरात दोन शब्द: उजेड धरणार. पुढे काही नाही.

ती जागा कोणी भरू नये. मीही नाही.

प्रदर्शनातल्या एकतीस फोटोंच्या नव्या प्रिंटा आम्ही काढल्या आहेत. फ्रेमी त्याच, तडकलेल्या काचांसकट. पाठी कोऱ्या. तुमच्या अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या घरी कधी गोणीची पिशवी घेऊन एक माणूस आला असेल, त्यानं धुतलेलं पांढरं कापड मागितलं असेल आणि तुमच्या हातात एक छोटा दिवा देऊन हालू नको म्हटलं असेल, तर वाचनालयात या. तुमचं नाव तुमच्या हातानं लिहा. सुभद्राबाईंचं आम्ही लिहिणार नाही. तेवढं कर्ज राहू द्या आमच्यावर.

आणि ज्यांच्याकडे तो माणूस कधी आला नाही, त्यांनी हे वाचून मान हलवू नये. भिंतीवर तुमच्या आईचा, बापाचा फोटो असेल. तो खिळ्यावरून उतरवा. उलटा करा. त्या दिवशी समोर कोण उभं होतं, आई कुणाकडे पाहून हसली होती, आठवा. तो माणूस जिवंत असेल तर त्याला हाक मारा आणि त्याच्या हातात पेन द्या. आज.